कुमारांचे गाणे : कोणत्या दाराने शिरावे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जी तरुणाई लोटते, तिच्यातल्या निम्म्यांचे लक्ष गाण्यापेक्षा एकमेकांच्या नव्या कपड्यांकडे असते, आणि त्यात वावगे काहीच नाही. सणच तसा आहे. ठाण्याला तलावपाळीवर आणि कल्याणलाही चित्र फारसे निराळे नसते. पण अशा ‘दिवाळी पहाटे’च्या मंचावर एखादा गायक तंबोरे जुळवून कुमार गंधर्वांचे एखादे निर्गुणी भजन सुरू करतो, तेव्हा गर्दीत क्षणभर शांतता पसरते. ज्याला गाण्यातले ओ की ठो कळत नाही, तोही मान वर करून पाहतो. मग घरी परतल्यावर, फराळाची ताटे समोर असताना, कोणी तरी हमखास विचारते, “हे कुमार गंधर्व आपण ऐकायचे म्हटले, तर सुरुवात कोठून करावी?”

प्रश्न साधा आहे. उत्तर तितके साधे नाही. कुमारांच्या ध्वनिमुद्रिका, कॅसेटी, तबकड्या आणि खाजगी बैठकींची मुद्रणे यांचा पसारा एवढा मोठा आहे, की नवखा माणूस त्यात भलत्याच दाराने शिरतो, एखाद्या अनवट रागाच्या काळोख्या माजघरात ठेचकाळतो, आणि “फार लहरी गाणे बुवा!” असे म्हणून बाहेर पडतो. ‘लहरी’ हे विशेषण कुमारांना त्यांच्या हयातीतच चिकटले होते. घराण्याची शिस्त न मानणारा, ख्याल मध्येच सोडून देणारा, लोकगीतांतून राग उपसून काढणारा, स्वतःच्याच चिजा स्वतः गाणारा हा गवई अनेक जाणत्यांनाही विक्षिप्त वाटे. या लेखात दाराचा पत्ता तर सांगायचा आहेच. पण ज्याला लोक लहर म्हणत, ती मुळात लहर नव्हती, हेही दाखवायचे आहे. त्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी झाला. घरची भाषा कानडी. मुलूख मराठी-कानडीच्या सरमिसळीचा. हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना अचानक गाऊ लागला, आणि गाऊ लागला तो ग्रामोफोनच्या तबकड्यांवरचे गाणे जसेच्या तसे! रामकृष्णबुवा वझे, अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, ज्याची तबकडी ऐकावी त्याचा आवाज, त्याची तान, त्याची लकब त्या इवल्याशा गळ्यातून हुबेहूब बाहेर पडे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. थोरामोठ्यांनी एका रागाचे सार एवढ्याशा अवधीत कसे बसवले आहे, ते या मुलाने नकळत कानात साठवून घेतले. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले, आणि तेच नाव पुढे जन्मभर राहिले. अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईच्या जीना हॉलमध्ये तो गायला, तेव्हा जाणत्या श्रोत्यांनी तोंडात बोटे घातली.

एखाद्या मुलाची जन्माची माती व्हायला एवढे कौतुक पुरेसे असते. नक्कल करणारी कौतुकाची मुले मिसरूड फुटले की विसरली जातात. कुमारांचे तसे झाले नाही, याचे श्रेय मुंबईच्या प्रा. बी. आर. देवधर यांना द्यावे लागेल. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य एका घराण्याचे अभिमानी नव्हते. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या संगीत विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गात, वाद घालत. तेथे या मुलाला हे समजले, की नक्कल उतरवणे म्हणजे गाणे नव्हे. तान कशी घेतली यापेक्षा ती का घेतली, हे कळले पाहिजे. अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांना स्वराच्या लगावाचे धडे मिळाले. ज्याला सगळ्यांसारखे गाता येत होते, त्याने यापुढे कोणासारखेही न गाण्याचा रस्ता धरला.

आणि नेमका तेव्हाच घात झाला. 1947 साली देवधरांच्याच विद्यालयातील भानुमती कंस यांच्याशी कुमारांचा विवाह झाला, आणि पाठोपाठ क्षयाचे निदान झाले. त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आपल्याकडील जुन्या पिढीला सांगायला नको. कोरडी हवा हवी म्हणून 1948 च्या जानेवारीत हे जोडपे माळव्यात देवासला गेले. पंचविशीही न गाठलेला, गाण्याखेरीज दुसरे काही न येणारा माणूस, आणि डॉक्टरांचा हुकूम असा की गायचे नाही! पुढची चार-पाच वर्षे बहुतेक अंथरुणावर गेली. भानुमतींनी शाळेत नोकरी केली, घर चालवले, शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतेच उपलब्ध होऊ लागले होते. त्याने प्राण वाचले. फुप्फुसाचे नुकसान मात्र कायमचे झाले. 1952-53 च्या सुमारास कुमार पुन्हा गाऊ लागले तेव्हा जुना गळा गेला होता, आणि नवा माणूस आला होता.

त्या अंथरुणावरच्या वर्षांत काय घडले? गाता येत नव्हते, म्हणून त्यांनी ऐकले. देवास हे लहान गाव. खिडकीबाहेरून बायका गाणी म्हणत जात: पाऊस लांबला की निराळी, लग्नात निराळी, सणासुदीला निराळी. गावात शीलनाथ महाराजांची धुनी होती. तेथे नाथपंथी भजने चालत. फिरते जोगी कबिराचे निर्गुण गात दारावरून जात. अडाणी म्हणून गवई ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत, त्या गाण्यांत कुमारांना राग दिसू लागले. घडवलेले नव्हेत, उगवलेले. तीन-चार स्वरांच्या एखाद्या धुनेत रागाचे बी कसे असते, हे त्यांनी पडल्या पडल्या न्याहाळले. पुढे बरे झाल्यावर त्यांनी ती गाणी गोळा केली, त्यांचे स्वर लिहून काढले, आणि त्यांतून मालवती, संजारी, अहिमोहिनी, सहेली तोडी, बीहड भैरव, लगनगांधार, मधसुरजा असे राग बांधले. ‘धुनउगम राग’ हे नाव त्यांचेच. 1965 साली मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या स्वतःच्या बंदिशी छापून आल्या.

कुमारांचे गाणे तुटक का, तान छोटी का, आलापात मध्येच श्वास का, असे विचारले की बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात: आजार. हे उत्तर अर्धेच खरे आहे. फुप्फुस दुबळे झाले की दमसास कमी होणार, हे उघड आहे. पण नुसत्या दुखण्याने गाणे घडत असते, तर त्या काळच्या प्रत्येक क्षयरुग्णालयातून एकेक गंधर्व बाहेर पडला असता! कमी श्वासात जास्त कसे सांगावे, याचे उत्तर शोधायला कान लागतो आणि बुद्धीही लागते. तीन मिनिटांच्या तबकड्यांवर ज्याचे बालपण पोसले, आणि चार स्वरांच्या लोकधुना ऐकत ज्याचे दुखणे सरले, त्याला थोडक्यात सांगण्याची विद्या दोनदा मिळाली होती. श्वासाची उणीव त्यांनी लपवली नाही. ती विरामाच्या कामी लावली. त्यांचा आवाज एकदम उंच जातो, थांबतो, आणि त्या थांबण्यात तंबोरे ऐकू येतात. तंबोरे जुळवण्याविषयी त्यांचा जो काटेकोरपणा प्रसिद्ध आहे, त्याचे कारण येथे सापडते. जो गवई थांबणार आहे, त्याचे तंबोरे खोटे बोलून चालत नाही. वसंतराव आचरेकरांसारखा संयमी तबलजी त्यांना वर्षानुवर्षे जवळचा वाटला, तोही यामुळेच असावा.

येथे ठाणेकरांना त्यांच्या गावच्या एका थोर गवयाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. संगीतभूषण राम मराठे यांचाही जन्म 1924 सालचाच. तेही बालपणीच प्रकाशात आले. प्रभातच्या 1938 च्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटात कृष्णाची भूमिका त्यांनी केली. तेही एका घराण्याच्या कुंपणात राहिले नाहीत; मास्टर कृष्णराव, मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित अशा अनेकांकडून त्यांनी विद्या घेतली. 1963 च्या ‘मंदारमाला’ नाटकाचे संगीत त्यांचेच. पण रामभाऊंचे गाणे म्हणजे श्रावणातला धबधबा. लयीशी खेळत, ताना कोसळवत जाणारे. एकाच वर्षी जन्मलेले दोन गवई, दोघेही अनेक गुरूंचे ऋण मानणारे, आणि तरी एकाचे गाणे ओसंडणारे, दुसऱ्याचे मोजके. ठाण्यात रामभाऊंच्या नावाचा संगीत समारोह भरतो, तेथे बसणाऱ्या श्रोत्याने दोघांनाही शेजारी ठेवून ऐकावे. म्हणजे मोजकेपणा हे वैगुण्य नसून वळण आहे, हे आपोआप कळते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दारे पाच आहेत, आणि त्यांचा क्रमही आहे.

पहिले दार मराठी गाण्याचे. ज्याच्या घरी मराठी बोलतात, त्याने ‘उठी उठी गोपाळा’ या भूपाळीपासून आरंभ करावा. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातले हे पद. शब्द कोल्हटकरांचे, चाल वसंत देसाईंची. चाल दुसऱ्याची असल्यामुळे कुमार येथे सरळ वाटेने चालतात, आणि आपल्याला त्यांच्या आवाजाची ओळख होते. उटणे लावून न्हाणीघरातून पोरे बाहेर पडत असताना हे गाणे घरात लागले, तर निराळी शिकवणी नको. त्याच नाटकातले ‘ऋणानुबंधाच्या’ हे वाणी जयराम यांच्याबरोबरचे युगुलगीत पाठोपाठ ऐकावे. एकाची मायबोली कानडी, दुसरीची तमिळ, आणि दोघे मिळून मराठी घराचे गाणे गातात. आपल्या भाषेचे हे वैभव ध्यानात घ्यावे. मग कवी अनिलांच्या ‘अजुनी रुसून आहे’कडे जावे. येथे चाल खुद्द कुमारांची आहे. रुसव्यासारख्या घरगुती विषयात शब्दाला धक्का न लावता स्वर कसा कण्हतो, हे त्यात दिसते. माळव्याच्या मातीतले आपले कवी भा. रा. तांबे यांच्या गीतांचा त्यांनी केलेला कार्यक्रमही याच दालनातला.

दुसरे दार ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या मुद्रिकेचे. तिच्या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द विसरू नये. ज्याने बालपणी साऱ्यांच्या नकला केल्या, त्याने थोरपणी बालगंधर्वांची पदे गायला घेतली, आणि नक्कल मुळीच केली नाही. नाट्यपदे मराठी घरांना तोंडपाठ. म्हणून फरक नेमका कानात भरतो. बालगंधर्वांचे मूळ पद एकदा ऐकावे, मग कुमारांचे ऐकावे, आणि घरातल्या आजी-आजोबांना विचारावे, काय राखले आणि काय सोडले? दिवाळीच्या सुटीत एवढा रंगणारा खेळ दुसरा नाही.

तिसरे दार निर्गुणी भजनांचे. बहुतेक लोक येथूनच शिरतात, कारण मोबाइलवर पहिल्यांदा हीच भजने कानी पडतात. ती मोहक आहेत यात शंका नाही. पण पहिल्यांदाच ती ऐकली, की पुढचे सारे कुमार फिके वाटू लागतात, आणि श्रोता त्याच चार भजनांशी जन्मभर अडकून पडतो. शिवाय ही भजने म्हणजे गोड आवाजातली देवपूजा नव्हे. नाथपंथी जोग्याच्या गळ्यातली बेफिकिरी, जगाला पाठ दाखवून उभे राहण्याची ऐट, आणि देह सोडून जाणाऱ्या हंसाविषयीचे कोरडे सत्य, हे सर्व मृत्यूच्या दारातून परत आलेला माणूस गातो आहे, हे माहीत असले की त्या उंच फेकलेल्या स्वराचा अर्थ बदलतो. कबीर, सूरदास आणि मीरा यांना एकत्र आणणारी ‘त्रिवेणी’ या वळणावर ऐकावी. निर्गुण आणि सगुण यांच्या गायनात कुमार आवाज कसा पालटतात, ते तेथे समजते.

चौथे दार ऋतूंचे आणि माळव्याच्या लोकगीतांचे. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ हे त्यांचे कार्यक्रम एकेका ऋतूभोवती रचलेले होते. त्यांत लोकगीत, बंदिश, ठुमरी, टप्पा सारे एका मांडवाखाली नांदते. एकसुरी तीन तास बसण्याची सवय नसलेल्या कुटुंबाला हे फार सोयीचे. पावसाळ्यात, कल्याणच्या खाडीवरून वारा आत येत असताना, ‘गीत वर्षा’ लावून पाहावे.

पाचवे दार ख्यालाचे, आणि तेच घराचे देवघर. आपल्याकडे शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त वाग्गेयकाराची व्याख्या केली, शब्द आणि स्वर दोन्ही ज्याचे, तो वाग्गेयकार. कुमार त्या अर्थाने पुरे वाग्गेयकार होते. त्यांनी विषय कोठून घ्यावेत! देवासचे त्यांचे घर ‘भानुकुल’ चामुंडा देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी. देवीला बळी द्यायला बकरे नेत. त्या मुक्या जिवाची देवीलाच घातलेली हाक ही त्यांच्या मधसुरजा रागातील बंदिशीचा विषय झाली. ख्यालाच्या चिजेत सासू-नणंद आणि सावळा प्रियकर यांच्यापलीकडे न पाहणाऱ्या मैफलीत बकऱ्याचा आकांत गायचा, ही लहर म्हणायची काय? ती करुणा आहे, आणि तिला नवा राग लागला, कारण जुन्या रागांना त्या हाकेची सवय नव्हती. 1969 साली गांधीशताब्दीनिमित्त बांधलेला गांधीमल्हारही असाच. नवख्याने प्रथम या छोट्या द्रुत बंदिशी ऐकाव्यात. मग परिचयाचे भीमपलास, मालकंस, शंकरा. आणि सर्वांत शेवटी पूर्ण बैठकीची मुद्रणे, ज्यांत मध्येच खोकला, दाद आणि तंबोऱ्याची पुन्हा जुळणी, सारे काही ऐकू येते.

एक पथ्य मात्र पाळावे. कुमारांचे गाणे कामे उरकत ऐकण्याचे नव्हे. इतरांच्या गाण्यात मधली दोन मिनिटे हुकली तरी धागा सापडतो. येथे सगळा जीव विरामात असतो, आणि स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीने नेमका तोच बुडतो. दहाच मिनिटे ऐकावे, पण स्वस्थ बसून.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हल्लीच्या पहाटेच्या मैफलींतून कुमारांची भजने गाणारे पुष्कळ आहेत. त्यांतील काही जण कुमारांचा स्वर तर उचलतातच, पण त्यांची श्वास तोडण्याची लकबही उचलतात. धडधाकट छातीचे तरुण एका दुखावलेल्या फुप्फुसाची नक्कल करतात, आणि टाळ्या मिळवतात! टाळ्या देणाऱ्यांचाही यात दोष नाही. मूळ गाणे त्यांनी ऐकलेले नसते. ज्या माणसाने नक्कल सोडण्यासाठी जन्म वेचला, त्याच्याच नकलेवर त्याची ओळख टिकावी, हे बरे नव्हे. ही चूक समीक्षकांच्या लेखांनी सुधारणार नाही. ती घरोघरच्या ऐकण्याने सुधारेल. मूळ ऐकलेला कान नकलेला फसत नाही.

भानुमतींचे 1961 साली बाळंतपणात निधन झाले. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे कुमारांच्या आयुष्यात आल्या, आणि गाण्यातही त्यांना साथ देऊ लागल्या. मुलगा मुकुल आणि मुलगी कलापिनी यांनी ती विद्या पुढे नेली. 1977 मध्ये पद्मभूषण आणि 1990 मध्ये पद्मविभूषण हे किताब कुमारांना मिळाले. 12 जानेवारी 1992 रोजी देवास येथे त्यांनी देह ठेवला. 1948 मध्ये ज्याच्या आयुष्याची खात्री कोणी देत नव्हते, तो माणूस त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे जगला, आणि त्यातली चाळीसएक वर्षे गायला.

यंदाच्या फराळाबरोबर एवढे एकच करावे. घरातल्या सर्वांत लहान मुलाला जवळ बसवून ती भूपाळी लावावी, आणि ती संपल्यावर त्याला काही समजावून सांगू नये. तो आपण होऊन पुन्हा लावायला सांगेल, तेव्हा पहिले दार उघडले असे समजावे. पुढची चार दारे त्याला त्याच्या पायांनी गाठू द्यावीत.